बोरच्या टेकडीखाली तीन हाका

बोरच्या जंगलात जायचं ठरलं तेव्हा मला काळजी वाघाची नव्हती, गोवऱ्यांची होती. पिपरी मेघेत आता चांगली गोवरी मिळणं कठीण. जिकडेतिकडे प्लॉट पडले, घरं झाली, आणि ज्यांच्या दारात म्हशी होत्या त्यांच्या दारात आता गाड्या उभ्या. आणि रोडगे काही गॅसवर होत नाहीत. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांच्यासाठी सांगते. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट भिजवायची, थरावर थर देऊन गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून ठेवायचा आणि निवांत बसायचं. भाजला की राख झटकायची, फोडायचा, वर तूप सोडायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पुण्याकडची माणसं डोंगरावर चढायला जातात म्हणे. आम्ही वर्ध्याची माणसं डोंगराखाली जेवायला जातो.

पुण्याचं नाव निघालं ते आमच्या प्रशांतमुळे. मुलगा तिकडेच नोकरीला, सून मेघना साताऱ्याची, आणि त्यांची एकुलती एक रेवा, सात वर्षांची. डिसेंबरच्या सुट्टीत तिघं आली होती. त्या येण्यामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती कोणी सरळ बोलत नव्हतं. मेघनाला ऑफिसतर्फे पंधरा दिवस बंगलोरला जायचं होतं. प्रशांतची नोकरी सकाळी आठ ते रात्री आठ. तेव्हा पंधरा दिवस रेवा आमच्याकडे राहू शकेल का, हा प्रश्न. मला विचाराल तर ती पंधरा वर्षं राहिली असती तरी मला कमीच. पण मेघना पाहत होती. मी दूध किती वेळ उकळते, फाटकाची कडी लावते की विसरते, रेवा हाका मारते तेव्हा मी टीव्ही बघत असते का, सगळं पाहत होती. वाईट नाही ती. एकच लेकरू आहे तर आई पाहणारच. पण मला आपलं परीक्षेला बसल्यासारखं वाटे, आणि मी तर चौथीच्या पुढे कधी परीक्षेला बसलेच नाही. पुढचं लिहिणं-वाचणं शिकले ते पोरांच्या पुस्तकांवरून आणि आमच्या ह्यांच्या पोस्टातल्या रद्दीवरून. हे पोस्टमन होते.

पहाटेची गाडी

पाचला निघालो. गारठा असा की बोलताना तोंडातून धूर निघे. प्रशांत गाडी चालवत होता, हे शेजारी बसून सेलू यायच्या आतच घोरू लागले. मागे खिडकीशी मेघना, मध्ये रेवा, इकडे मी. मेघनाचाही डोळा लागला. दोन्ही बाजूंना धुकं, आणि धुक्यात वेचून राहिलेला कापूस थोडाथोडा दिसत होता.

रेवानं हळूच विचारलं, "आजी, जंगलात भूत असतं का?"

आता इथे मला थांबून सांगायला हवं. आमच्या घरात भुताला जागा नाही. माझ्या सासऱ्यांनी नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले सगळे ताईत, गंडे, दोरे विहिरीत टाकले होते, आणि आमचे हे तर त्यांच्याहून कडक. शेजारी कोणी लिंबू-मिरची टांगली तरी हे फाटकात उभं राहून अर्धा तास भाषण देणार. मलाही ते पटतं, अगदी मनापासून पटतं. पण माझी माय रानातून मोहफुलं वेचून आणायची, आणि ती आम्हा पोरांना चकव्याच्या गोष्टी सांगायची. त्या गोष्टी मी विहिरीत कशा टाकू? अंधार होता, लेकरू कुशीत होतं, विचारत होतं. मी सांगितलं.

सांगितलं ते असं. चकवा माणसाला वाट चुकवतो. तो आपल्या माणसाच्या आवाजात नावानं हाक मारतो. पण त्याला दोनदाच हाक मारता येते, तिसरी येत नाही. म्हणून रानात कोणी हाक मारली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. एकाच माणसाची, एकाच नावानं, लागोपाठ तिसरी हाक आली, की मगच ओ द्यायची.

"नाहीतर काय होतं?"

"नाहीतर तो घेऊन जातो."

रेवा विचारात पडली. मी म्हटलं, "आजोबांना सांगू नको हं, ते मला रागवतील." ती खुदकन हसली. आम्हा दोघींचं गुपित झालं. मला फार गोड वाटलं तेव्हा.

जंगलात

हिंगणीहून पुढे बोर धरणाशी जंगलाचं फाटक आहे. तिथून आपली गाडी सोडून उघड्या जिप्सीत बसायचं. आमच्यासोबत गाईड म्हणून शेवंताबाई होत्या, जवळच्याच गावच्या, गोंड, चाळिशीच्या. खाकी शर्टावर शाल, आणि बोलणं मोजून. चढताच म्हणाल्या, "खाली उतराचं नाई, मोठ्यानं बोलाचं नाई. लेकरू मधात बसवा."

मेघनानं रेवाच्या जाकिटाची टोपी मुठीत धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही.

पाहायला काय आहे म्हणाल तर डोंगर फार उंच नाहीत. सातपुडा इथवर येतायेता दमून बसला आहे असं वाटतं. पण साग असा दाट की उन्हाला जमिनीपर्यंत यायला वेळ लागतो. मोठमोठी वाळलेली पानं गाडीच्या चाकाखाली पापडासारखी मोडत होती. सांबर पाहिलं, रोही म्हणजे नीलगायी पाहिल्या, पाण्याकाठी एक मोर तर आमच्याकडे पाठ करूनच उभा राहिला. ह्यांनी हळूच म्हटलं, "सरकारी नोकर दिसते." शेवंताबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

मग वर कुठेतरी चितळ ओरडलं. शेवंताबाईंनी हात वर केला, गाडी थांबली. काही नाही. वारासुद्धा नाही. आणि बांबूतून वाघीण रस्त्यावर आली. पळत नाही, घाईत नाही, आपण स्वयंपाकघरातून अंगणात येतो तशी आली. एकदा आमच्याकडे पाहिलं. मला तर वाटलं तिनं आम्ही किती माणसं ते मोजलं. मग उताराला लागली आणि दिसेनाशी झाली.

प्रशांतचा फोटो हलला. मेघनानं विचारलं, "ही जंगलाच्या बाहेर जाते का हो?"

शेवंताबाई म्हणाल्या, "तिले काय ठाऊक बाई, जंगल कुठी सरते थे. त्या टेकडीपल्याड वावरं हायेत, तठीपावतर जाते."

त्या टेकडीपल्याडच माझ्या धाकट्या भावाचं, सुधाकरचं वावर, म्हणजे शेत. आम्ही जेवायला तिकडेच जाणार होतो. मेघनानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

सुधाकरच्या वावरात

सुधाकरनं तूर उभी होती ती बाजू सोडून मोहाच्या झाडाखाली जागा झाडून ठेवली होती. गोवऱ्याही त्यानंच आणून ठेवल्या होत्या, माझी उगाच चिंता. वावराच्या मागे धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून बोरींची झुडपं, त्यापलीकडे कोरडा नाला, आणि नाल्यापासून टेकडी चढत जाते. दगडांची, धावड्याच्या झाडांची. दिसायला सुंदर जागा आहे. तिथे बोललं की टेकडी आपलं बोलणं परत करते. रेवानं दोन-तीनदा "कुक" करून पाहिलं आणि परत आलेला आवाज ऐकून आजोबांना बिलगली.

सुधाकरला बोलायला लागतं. तो म्हणाला, "बाई, परवाच नाल्याच्या रेतीत पंजा उमटला व्हता. ताटलीएवढा."

मी त्याला डोळ्यानं दटावलं, पण उशीर झाला होता. मेघनानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "प्लीज, रेवावर कोणीतरी एकानं सतत लक्ष ठेवा."

"मी आहे ना," मी म्हटलं. कोणी दुसरं बोलायच्या आत म्हटलं. तसंच म्हणायचं होतं मला.

रोडगे पुरले. वांगी चिरली. हे मोहाखाली तोंडावर रुमाल टाकून पडले. मेघना आणि प्रशांत सुधाकरबरोबर विहिरीकडे हातपाय धुवायला गेले. रेवा धुऱ्याशी रानबोरं तोडत होती, मला दिसत होती. लाल कानटोपी. एक गोवरी ओली निघाली, धूर झाला, डोळ्यांतून पाणी. मी फुंकलं, निखारे सारखे केले, एक रोडगा उलटला, दुसरा उलटला. मान वर केली तेव्हा धुऱ्याशी कोणी नव्हतं.

मला वाटलं विहिरीवर गेली असेल आईकडे. वाटलं म्हणजे, मी वाटवून घेतलं. तिसरा रोडगाही उलटला.

मेघना परत आली, ओले हात झटकत. "रेवा कुठे आहे?"

"तुझ्याकडे नाही आली?"

तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

मग सगळं एकदम सुरू झालं. प्रशांत धुऱ्याकडे धावला, "रेवा," मग "रेवू," मग "पिल्लू, कुठे आहेस." मेघना नाल्याकडे. हे उठले, चप्पल न घालता तुरीत शिरले, "ए पोरी, ए पोरी." सुधाकर पत्र्याचा डबा बडवत निघाला, जनावर असेल तर हटावं म्हणून. आणि टेकडी ते सगळं परत करत होती. चार माणसांची आठ माणसं झाली. कोण कुठून ओरडतो कळेना.

मीही हाक मारली, "रेवा." आणि ती मारतानाच मला पहाट आठवली.

ती ऐकत असेल. इथेच कुठेतरी बसून ऐकत असेल आणि ओ देत नसेल, कारण आजीनं सांगितलं आहे.

आता जे लिहिते ते नीट वाचा. मी तेव्हा बोलले नाही. मनात म्हटलं, आपणच तीन हाका मारू, आली की झालं, कोणाला कळायची गरज नाही. मी धुऱ्यावर उभी राहून हाक मारली. दुसरी मारायच्या आत प्रशांत ओरडला. थांबले. परत पहिलीपासून सुरू केलं. दुसऱ्या हाकेवर डबा वाजला. परत सुरू केलं. सगळ्यांना गप्प करायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मेघनासमोर सांगावं लागलं असतं. ह्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं, ज्यांनी आयुष्यभर भूतबाधेवर भाषणं दिली. मी तशीच एका बोरीपासून दुसऱ्या बोरीपर्यंत गेले, पातळ काट्यांत फाटलं, अर्धवट हाका मारत राहिले. किती वेळ? सुधाकर नाल्याच्या वळणापर्यंत जाऊन परत आला, एवढा वेळ. दहा मिनिटं असतील. दहा मिनिटं मला माझी अब्रू त्या लेकरापेक्षा जड झाली.

सुधाकर परत आला तेव्हा त्याच्या हातात लाल कानटोपी होती. "नाल्यात पडली व्हती, रेतीत," म्हणाला, आणि पुढे बोलला नाही. सुधाकर बोलायचा थांबला म्हणजे काय ते मला माहीत आहे. मेघना त्याच्या हातातली टोपी घेईना. ती नुसती पाहत राहिली.

मी म्हटलं, "सगळे गप्प बसा. डबा ठेव खाली. ती ऐकून राहिली, पण ओ देऊन नाही राहिली. मीच सांगितलं तिला."

"काय सांगतलं?" ह्यांनी विचारलं.

मी चकव्याचं सांगितलं. भरभर, चार वाक्यांत. हे धुऱ्यावर खाली बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. प्रशांत म्हणाला, "आई, तू काऊन…" आणि थांबला. पुण्याला गेल्यापासून त्याच्या तोंडून 'का'ऐवजी 'काऊन' ऐकलं नव्हतं मी.

मेघना फक्त एवढंच म्हणाली, "मग मारा ना हाक."

मी नाल्याच्या काठावर उभी राहिले. बोरीची फांदी धरली, काटे रुतले तेही कळलं नाही. पहिली हाक मारली. टेकडीनं ती परत केली. ती पूर्ण विरेपर्यंत थांबले. दुसरी मारली. परत थांबले. माझ्या मनात आलं, तिसरीलाही ओ आली नाही तर? मग माझ्याजवळ काही उरणार नाही. तिसरी हाक मारायला मला वेळ लागला. आवाज फुटला माझा, पण नाव नीट उच्चारलं.

"ओ आजी."

वरून आली. नाल्यापलीकडे वीस-पंचवीस पावलांवर एक मोठा दगड पुढे झुकलेला होता, त्याच्याखालून. आम्ही सगळे त्याच्यासमोरून दहादा गेलो होतो. रेवा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, जाकिटाचे दोन्ही खिसे बोरांनी फुगलेले. मेघना चढली कशी ते मला सांगता येणार नाही, मी पाहिलं तेव्हा ती वर होती.

रेवाच आम्हाला समजावून सांगू लागली. बोरं शोधत ती नाला ओलांडून गेली होती. मग हाका आल्या. "बाबांनी एकदा रेवा म्हटलं, एकदा रेवू, एकदा पिल्लू. ते तीन झाले नाहीत ना. आई दोनदा म्हणाली आणि लांब गेली. आणि प्रत्येकाच्या मागून चकवा पण बोलत होता, तो खरंच आपल्या आवाजात बोलतो आजी. म्हणून मी लपले." तिनं अगदी शहाण्यासारखं केलं होतं. सांगितलेलं सगळं केलं होतं.

जेवण

रोडगे एका बाजूनं कोळसा झाले होते. तरी बसलो. रडून झाल्यावर माणसाला भूक लागते, हे मी आयुष्यात अनेकदा पाहिलं आहे. मेघना रेवाला मांडीवरून उतरवत नव्हती, स्वतः न खाता तिला तुपातला मऊ भाग भरवत होती. शेवटी हेच बोलले. रोडग्याचा जळका पापुद्रा काढत म्हणाले, "तीस वर्सं पत्रं वाटली म्या. कुठी-कुठी हिंडलो, नाले पाह्यले, मसणवटे पाह्यले. एक चकवा नाई भेटला. आणि तो मह्याच घरात भाकरी थापून राह्यला."

सुधाकर हसायला लागला, मग प्रशांत. मेघनाही थोडी हसली. मग ह्यांनी रेवाला समोर बसवलं. टेकडीकडे तोंड करून तिच्याकडूनच हाका मारून घेतल्या. आवाज दगडावर आपटून कसा परत येतो ते दाखवलं. "पाह्य, हा तुयाच आवाज हाये. दुसरं कोणी नाई तठी." रेवानं वीस-एक हाका मारल्या. तिला नंतर त्याची मजा वाटू लागली. मला शेजारी बसून ऐकवत नव्हतं.

परत येताना मी पुढच्या सीटवर बसले. मागे रेवा आईच्या खांद्यावर झोपली होती. मी मनाशी धरून चालले होते की लेकरू आता परवा त्यांच्याबरोबर पुण्याला जाणार.

घरी

संध्याकाळी मेघना स्वयंपाकघरात आली. मी उगाच धुतलेली भांडी परत धूत होते. ती म्हणाली, "आई, तुम्हाला वेळेवर आठवलं म्हणून सापडली. दुसरं कोणी असतं तर घाबरून सांगितलंच नसतं. मी विचार केला. जो माणूस स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगतो, त्याच्याजवळ मी रेवाला ठेवू शकते."

मी नळ बंद केला. आठवूनही मी दहा मिनिटं गप्प होते, हे तेव्हा म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण बाहेर रेवा अंगणात आजोबांना कसलं तरी गाणं म्हणून दाखवत होती, आणि मी म्हटलं, "चहा घेशील का?"

ह्यांनी रात्री जेवताना एकदा विचारलं, "कवा आठवलं व तुले?"

"सांगितलं तेव्हाच," मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि भाताला हात घातला.

तेव्हापासून बारा दिवस झाले. रेवा इथे आहे. सकाळी माझ्याबरोबर उठते, फाटकाची कडी स्वतः लावते, शेजारच्या पोरींबरोबर खेळायला जाते. मी तिला अंगणात हाक मारली की पहिल्याच हाकेला धावत येते. मेघना रोज रात्री फोन करते, रेवा काय जेवली ते विचारते आणि शेवटी म्हणते, "आई, तुमच्यामुळे मी निश्चिंत आहे." तो फोन ठेवला की मला तासभर झोप येत नाही.

बोरला जाऊन आलेलं लिही, असं मला रेवानंच सुचवलं. वाघीण, मोर, रोडगे, सगळं लिही म्हणाली. म्हणून लिहायला बसले. वाघीण लिहिली, मोरही लिहिला. पण ती दहा मिनिटं सोडून पुढे जाता येईना, तीन पानं फाडली, आणि शेवटी जसं घडलं तसं लिहिलं.

मेघना येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. दोन वह्या भरल्या आहेत, अक्षर काही बरं नाही, पण वाचता येईल. तिनं पर्स खाली ठेवली की चहाच्या आधी ह्या वह्या मी तिच्या हातात देणार आहे, आणि ती वाचेपर्यंत तिथेच बसणार आहे, समोर, खुर्चीवर. मग तिला जे म्हणायचं असेल ते तिनं म्हणावं.